आधी फरशी ओळखा, मग फडकं पिळा!

पावसाळ्यात कोल्हापुरातलं कुत्रं कुठं भटकून आलं, ते उंबऱ्यातच वाचता येतं. ठसे तांबडे असले तर स्वारी पन्हाळ्याकडं किंवा मसाई पठारावर गेलेली. काळे आणि चिकट असले तर पंचगंगेकाठच्या मळीच्या रानात. पठारावरच्या जांभ्या दगडात लोखंडाचा अंश भरपूर असतो आणि तो गंजलेला असतो, म्हणून तिथली माती तांबडी. हा गंज टाइल्सच्या सांध्यातल्या पांढऱ्या सिमेंटमध्ये शिरला की लवकर निघत नाही. चिखल ओला असताना फडकं फिरवलं तर एका ठशाचे दहा होतात. वाळू द्या, झाडून घ्या, मग पुसा.

कुत्र्याच्या नखांनी फरशीवर ओरखडे पडतात, असं घरोघरी ऐकू येतं. हा आळ खोटा आहे! खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोजपट्टीवर नख २.५ वर येतं, तर शहाबादी नि संगमरवर ज्या कॅल्साइटचे बनतात ते ३ वर. नख दगडाला हरतं. खरा गुन्हेगार म्हणजे पंजाला चिकटून आलेली वाळू, तिचा आकडा ७. ती न झाडता ओलं फडकं फिरवणं म्हणजे फरशीला स्वतःच्या हातानं पॉलिश पेपर मारणं. नखं वेळेवर कापायचीच, पण ती कुत्रं घसरू नये म्हणून.

आता महत्त्वाचं. आपल्या पायाखाली नेमकं काय आहे? जुन्या घरात शहाबादी, अंगणात कोटा, ओट्याखाली कडप्पा, मधल्या खोलीत मोझॅक, नव्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड. शहाबाद कर्नाटकात, कोटा राजस्थानात, कडप्पा आंध्रात. पण तिन्ही दगड चुनखडीच्याच जातीचे. मोझॅकमध्ये सिमेंट नि संगमरवराचे तुकडे, म्हणजे तोही त्याच गोतावळ्यातला. फ्रिजमागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तेवढीच जागा निस्तेज दिसली, तर दगड चुन्याचा. अशा फरशीवर व्हिनेगर, लिंबू, बाथरूमचं ॲसिड कधीच नको. पाण्यात चमचाभर सौम्य साबण पुरतो. व्हिट्रिफाइड टाइल मात्र स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. ती काहीही सोसते, पण तिचे सांधे सोसत नाहीत.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फरशी लख्ख होते म्हणतात. दोन्ही एकमेकांना मारून टाकतात. फेस छान येतो, पण बादलीत उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी.

माणसाच्या नाकात वास घेणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर! म्हणून आपण पुसून मोकळे झालो तरी पिल्लू दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात पाय वर करतं. त्याला तिथं अजून पाटी दिसते. लघवीतल्या युरियाचा हळूहळू अमोनिया होतो, म्हणून अमोनियाच्या क्लीनरनं पुसणं म्हणजे ती पाटी पुन्हा रंगवणं. ब्लीचिंगचं पाणी तर त्याहून वाईट. अमोनियाशी त्याची गाठ पडली की डोळे नि छाती जाळणारा क्लोरामाइन वायू निघतो, आणि तिथं सगळ्यात खाली नाक असतं ते कुत्र्याचं. आधी जुन्या वर्तमानपत्रानं टिपून घ्या, साध्या पाण्यानं पुसा, मग एन्झाइमचं क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ राहू द्या. त्यातली एन्झाइमं वासाचं मूळच तोडतात. घाई केली तर पैसे वाया. पिल्लावर ओरडू नका, ते बिचारं फक्त आपल्या नाकाचं ऐकतंय.

कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना. तो ओलसर पंजा फिनेलच्या ओल्या फरशीवर पडतो, आणि पाच मिनिटांत कुत्रं तोच पंजा चाटत बसतं. फरशीवर जे टाकाल ते त्याच्या पोटात जाणार, हे धरूनच बाटली निवडावी. जंतुनाशक वापरायचंच असेल तर लेबलाप्रमाणे पातळ करा, नंतर साध्या पाण्याचा एक हात द्या आणि फरशी खडखडीत वाळेपर्यंत दार लावून ठेवा. घरात मांजर असेल तर आणखी जपा, तिच्या यकृताला फिनॉलची रसायनं फार जड जातात.

केस गोळा करायला सगळ्यात स्वस्त हत्यार बाथरूममध्येच असतं: रबरी वायपर. कोरड्या फरशीवर ओढला की केसांची गुंडाळी होऊन पुढं सरकते. फुलझाडूनं तेच केस उडून सोफ्याखाली जातात. आणि आधी पंखा बंद! ज्यांच्या दारात आखूड केसांचा कारवानी आहे, त्यांचं काम हलकं. त्याचाच भाऊबंद मुधोळ हाउंड शेजारच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला. २००५ मध्ये तो टपाल तिकिटावरही झळकला.

भिजलेलं कुत्रं अंग झाडतं तेव्हा सुमारे चार सेकंदांत अंगावरचं ७० टक्के पाणी उडवतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे मोजून छापलं. उंदीर याहून कितीतरी भराभर झाडतो. प्राणी जेवढा लहान, तेवढी गती जास्त. तेव्हा टॉवेल घेऊन पुढं धावण्यापेक्षा त्याला दारातच चार सेकंद द्या.

गोचीड मादी रक्त पिऊन टम्म फुगली की कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, स्कर्टिंगच्या मागं अंडी घालते. एक-दोन नव्हे, हजारांनी. त्यामुळं मधली फरशी आरशासारखी चमकवून उपयोग नाही. भिंतीकडेच्या फटी आठवड्यातून एकदा तरी ब्रशनं कोरून काढा, आणि मोठ्या फटी सिमेंटनं बुजवून टाका.

आणि रविवार! तांबड्या रश्श्याची वाटी कलंडली, की फरशी पुसायला आपल्याआधी कुत्रं हजर. चाटू देऊ नका. त्या तर्रीत कांदा नि लसूण असतो, आणि दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलं हाडूकही नको, त्याची धारदार शकलं होतात. आधी कुत्र्याला अंगणात काढा, रद्दीनं तेल टिपा, मग कोमट साबणपाण्यानं दोनदा पुसा. सांध्यातला हळदीचा पिवळा डाग राहिला तर राहू दे, उन्हाच्या तिरिपेत चार दिवसांत फिका पडतो.