दम मोजावा कशाने? जुन्या मल्लांच्या तुलनेचा प्रश्न

जुन्या काळातील वजनदार मल्ल आजच्या मल्लांपेक्षा अधिक दमदार होते काय, हा मावळातील चैत्राच्या यात्रांत कुस्त्यांच्या आखाड्याभोवती दरवर्षी नव्याने रंगणारा वाद वरवर पाहता आवडीनिवडीचा वाटतो. तथापि त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला प्रश्न मल्लाच्या दमाचा, म्हणजे त्याच्या शरीराच्या क्षमतेचा असतो, तर दुसरा त्याच्या कारकिर्दीच्या नोंदीचा, म्हणजे त्याने कोणाला, केव्हा आणि कोणत्या नियमांनुसार हरवले याचा असतो. जगभरात हेवीवेट मुष्टियोद्ध्यांविषयी चालणारे वादही याच दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे अनिर्णित राहतात.

तालमीच्या भाषेत ‘दम’ या एकाच शब्दात श्वास, स्नायूंची सहनशक्ती आणि थकल्यावरही डाव सुचेल इतके शाबूत राहणारे भान या तिन्ही गोष्टी सामावतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या तीन व्यवस्था आहेत. पहिली व्यवस्था स्नायूंत साठलेल्या फॉस्फेटयुक्त संयुगांवर साधारण दहा सेकंद चालते आणि पट काढताना किंवा ढाक मारताना लागणारा झटका तीच देते. दुसरी प्राणवायूविना साखरेचे विघटन करून मिनिट-दोन मिनिटे जोर पुरवते, परंतु तिच्या वापराने आम्लता वाढून स्नायू जड पडतात. तिसरी प्राणवायूच्या साहाय्याने सावकाश पण दीर्घकाळ ऊर्जा देते आणि दोन झटक्यांच्या मधल्या वेळात पहिल्या दोहोंची झीज भरून काढते. सहा मिनिटांच्या कुस्तीत पहिल्या दोन व्यवस्थांचा कस लागतो, तर तासभर चालणाऱ्या कुस्तीत तिसरीवाचून निभाव लागत नाही. वजनदार मल्लाची अडचण आणखी वेगळी असते, कारण शरीराचे आकारमान वाढते त्या प्रमाणात त्वचेचे क्षेत्रफळ वाढत नाही आणि त्यामुळे श्रमांतून निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकणे त्याला हलक्या मल्लापेक्षा कठीण जाते.

दम मोजता येतो, ही कल्पना या परिसराला नवीन नाही. मावळातल्याच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांच्या साहाय्याने तपासण्यास आरंभ केला. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे असलेले कुवलयानंद हे बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरातील राजरत्न माणिकराव यांचे शिष्य होते, म्हणजे श्वासाच्या या अभ्यासकाची जडणघडण मुळात व्यायामशाळेत झाली होती. प्राणायामात शरीर नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू शोषून घेते, ही त्या काळी रूढ असलेली समजूत त्यांनी गृहीत न धरता प्रयोगाने पडताळली आणि ती टिकत नाही असे दाखवले. दमाविषयीच्या कोणत्याही दाव्याला हीच कसोटी लावली, तर जुन्या मल्लांच्या बाबतीत पहिली अडचण अशी दिसते की त्यांच्या श्वासाची वा हृदयगतीची मोजमापे उपलब्ध नसल्याने त्यांचा दम केवळ कुस्ती किती वेळ चालली यावरून ताडावा लागतो.

कुस्ती किती वेळ चालली हे मात्र मल्लाइतकेच नियमांवर अवलंबून असते. मातीतील पारंपरिक कुस्ती चितपट होईपर्यंत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागेपर्यंत चालवण्याची रीत होती आणि बराच वेळ निकाल न लागल्यास ती बरोबरीत सोडवली जाई. याउलट मॅटवरील आजची आंतरराष्ट्रीय कुस्ती प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि फ्रीस्टाइल प्रकारात दहा गुणांची आघाडी मिळताच ती तेथेच संपते. गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को यांच्यात १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये झालेली कुस्ती अडीच तासांहून अधिक चालली, हे गामांच्या अफाट दमाचे प्रमाण म्हणून नेहमी सांगितले जाते. परंतु झबिस्कोने त्यांतील बहुतेक वेळ पोटावर पडून राहून केवळ बचावात काढला होता, म्हणून तो आकडा दोघांच्या दमापेक्षा कुस्ती रेंगाळू देणाऱ्या नियमांविषयी अधिक सांगतो. तेच दोघे १९२८ मध्ये पतियाळा येथे पुन्हा भिडले, तेव्हा गामांनी एका मिनिटाच्या आत कुस्ती मारली आणि त्या वेळी दोघांचेही वय पन्नाशीला टेकले होते.

मुष्टियुद्धाच्या इतिहासातही हेच आढळते. जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन यांची १८८९ मधील उघड्या मुठींची लढत ७५ फेऱ्या चालली, मात्र त्या काळच्या नियमांनुसार कोणी खाली पडला की फेरी संपत असल्याने त्या फेऱ्या आजच्या तीन मिनिटांच्या फेऱ्यांशी ताडून पाहता येत नाहीत. पुढे विश्वविजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांच्या झाल्या. १९७५ मध्ये मनिला येथे महंमद अली आणि जो फ्रेझर चौदाव्या फेरीच्या अखेरीपर्यंत झुंजले, ते याच मर्यादेत. १९८२ मध्ये कोरियाचा डुक कू किम हा मुष्टियोद्धा लढतीत झालेल्या दुखापतीने दगावला आणि त्यानंतर १९८० च्या दशकातच प्रमुख संघटनांनी ही मर्यादा १२ फेऱ्यांवर आणली. शेवटच्या तीन फेऱ्यांत ज्याचा दम सिद्ध झाला असता, अशा योद्ध्याला त्यानंतरच्या पिढीत ती संधीच उरली नाही.

कारकिर्दीच्या नोंदींचा अर्थ लावतानाही असाच विवेक लागतो. रॉकी मार्सियानो ४९ लढतींत अपराजित राहून १९५६ मध्ये निवृत्त झाला, तर अलीच्या ६१ लढतींत ५६ विजय आणि ५ पराभव आहेत. केवळ पराभव मोजले तर मार्सियानो श्रेष्ठ ठरतो, परंतु प्रतिस्पर्धी कोण होते आणि लढत कारकिर्दीच्या कोणत्या टप्प्यावर झाली, हे प्रश्न विचारताच निष्कर्ष डळमळीत होतो. मुष्टियुद्धात निदान अशा याद्या तरी आहेत. गावोगावच्या यात्रांतील कुस्त्या इनामावर लावल्या जात आणि त्यांचा निकाल प्रेक्षकांच्या स्मरणातच राही, म्हणून मराठी मल्लांचा हिशेब मुख्यतः ‘महाराष्ट्र केसरी’सारख्या किताबांवर होतो. शेजारच्या मुळशी तालुक्यातील मामासाहेब मोहोळ यांच्या नावाशी ही परंपरा जोडलेली असून विजेत्याला मिळणारी चांदीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते.

हा किताबही सर्व काळात एकाच मापाचा राहिलेला नाही. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत दादू चौगुले यांनी १९७० आणि १९७१ असा दोनदा, तर नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांनी अलीकडे सलग तीन-तीन वेळा किताब पटकावला. तथापि आज माती आणि मॅट अशा दोन विभागांतील विजेते अंतिम फेरीत भिडतात, ही रचना जुन्या मल्लांच्या वाट्याला आली नव्हती. शिवाय या किताबासाठीचा गट वजनाच्या दृष्टीने बराच रुंद असून नरसिंग यादव २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७४ किलो गटात उतरले होते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘वजनदार मल्ल’ ही संज्ञाही सैलच ठरते.

नियम बदलूनही टिकणारी कामगिरी त्यामुळे अधिक बोलकी ठरते. हिंदकेसरी गणपत आंदळकर आणि मारुती माने हे दोघेही मातीतून आलेले मल्ल, परंतु १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य पदक मिळवले. त्यांतील आंदळकरांचे सुवर्ण ग्रीको-रोमन प्रकारातले होते, ज्यात कमरेखाली पकड घेण्यास मनाई असते. म्हणजे पट काढण्याचे हत्यार बाजूला ठेवून त्यांना लढावे लागले. दिल्लीच्या सतपाल यांना १९७० च्या दशकात युवराज पाटील आणि हरिश्चंद्र बिराजदार यांनी हरवले, तरी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सतपाल यांनीच सुवर्ण जिंकले. या तिघांत थोर कोण, हे ठरवताना मैदानातली एक कुस्ती मोजावी की अनेक वर्षांची वाटचाल, याचे उत्तर वाद घालणाऱ्याने आधीच मनाशी ठरवलेले असते आणि पुढचे सारे आकडे त्या उत्तराच्या बाजूने उभे केले जातात.

तेव्हा जुन्या मल्लाचे नाव निघाले की त्याची कुस्ती किती वेळाची होती, मातीवर होती की मॅटवर, वजनाचा गट कोणता, वय किती आणि समोर कोण होता, ही पाच उत्तरे प्रथम मागितली पाहिजेत. ती मिळाली तरी दोन काळांतील मल्लांची जोड लावता येणार नाही. मात्र प्रत्येकाने आपल्या काळाच्या मागणीला कितपत पुरे पाडले, एवढे निश्चित सांगता येईल, आणि आखाड्याभोवतीच्या वादातून खरोखर हाती लागण्यासारखे तेवढेच असते.