नायट्रॉक्स
नायट्रॉक्स : पाणबुड्यांच्या श्वसनासाठी वापरण्यात येणारे ऑक्सिजन-समृद्ध वायुमिश्रण. हवेत ऑक्सिजन सु. २१ टक्के असतो. या मिश्रणात तो सामान्यतः ३२ वा ३६ टक्के ठेवतात. नायट्रोजन ऊतकांत कमी विरघळत असल्याने पाण्याखाली अधिक काळ राहता येते. तथापि वाढत्या दाबाखाली ऑक्सिजन विषारी ठरून झटके येतात. म्हणून ३२ टक्क्यांचे मिश्रण सु. ३३ मी.पेक्षा खोल वापरीत नाहीत. मालवण-तारकर्लीच्या उथळ समुद्रात नवशिक्याच्या टाकीतील हवाच बहुधा आधी संपते. त्यामुळे त्यास लाभ अल्प. भंडारदऱ्यासारख्या (ता. अकोले) उंचावरील जलाशयात वातावरणीय दाब कमी असल्याने बुडीची कोष्टके बदलावी लागतात, नायट्रॉक्स त्यास पर्याय नव्हे. प्रशिक्षणानंतर, टाकीतील ऑक्सिजन स्वतः मोजूनच ते वापरणे इष्ट होय.