मोटारीत टॅब बसविण्याचे काम : कारागिरांसाठी काही सूचना

मोटारींच्या सामानाच्या धंद्यात गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला आहे. पूर्वी नवी गाडी घेतली की गिऱ्हाईक आधी कॅसेट प्लेअर, पुढच्या काळात सीडी प्लेअर बसवून घेण्यासाठी कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत येत असे. आता अनेक नव्या गाड्यांत कंपनीच पडदा बसवून देते. त्यामुळे स्टिरिओ बसविणाऱ्या कारागिरांचे हे काम कमी होत चालले आहे.

परंतु रस्त्यावर जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. टूरिस्ट गाडीचा चालक, माल पोहोचविणारा टेम्पोवाला, जुनी पण चांगली गाडी सांभाळून असलेला दुकानदार यांना रस्ता दाखविणारा, फोन उचलणारा व गाणी वाजविणारा पडदा हवा असतो. काहींच्या घरी अँड्रॉइड टॅब पडून असतो आणि तोच डॅशबोर्डमध्ये बसवून द्या, अशी त्यांची मागणी असते. वायरिंग येणाऱ्या कारागिराला हे काम अवघड नाही. मात्र गाडी आठ दिवसांत तक्रार घेऊन परत आली तर मजुरीही जाते आणि नावही जाते. तक्रारी बहुधा करंट, उष्णता, आवाज आणि सेटिंग या चार ठिकाणी निर्माण होतात. म्हणून या चार गोष्टींचा क्रमाने विचार करू.

आधी गिऱ्हाइकाला फरक सांगावा

टॅब आणि बाजारात मिळणारा तयार अँड्रॉइड स्टिरिओ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तयार स्टिरिओत स्पीकर चालविणारा अँप्लिफायर, रेडिओ आणि मागील कॅमेऱ्याची जोडणी असते, आणि तो थेट १२ व्होल्टवर चालतो. टॅब मुळात हातात धरून वापरण्यासाठी केलेला असतो. तो ५ व्होल्टवर चार्ज होतो, मोटारीचे स्पीकर चालवू शकत नाही आणि त्याच्या पोटात लिथियमची बॅटरी असते. ज्याला मागील कॅमेरा व स्टिअरिंगवरील बटणे हवी आहेत, त्याला तयार स्टिरिओच घ्यावयास सांगावे. ज्याला मुख्यतः नकाशा व गाणी हवी आहेत आणि टॅब हाती आहे, त्याच्यासाठी टॅब चालेल.

'अँड्रॉइड ऑटो'विषयीही आधीच बोलून घ्यावे. ही गूगलची वेगळी सोय आहे. तिच्यात सर्व काम फोन करतो आणि गाडीचा पडदा फक्त ते दाखवितो. फोनच्या स्वतःच्या पडद्यावर चालणारी तिची आवृत्ती गूगलने २०२२ मध्ये बंद केली. त्यामुळे नुसता टॅब बसविल्याने अँड्रॉइड ऑटो मिळत नाही. हे आधी सांगितले नाही तर नंतर वाद होतो.

माप व जागा

स्टिरिओच्या खाचेची दोन मापे रूढ आहेत. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर आणि डबल डिन म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटर. सात इंची टॅब डबल डिनमध्ये बसेल असे वाटते, पण सात इंच हे पडद्याचे तिरपे माप असते. २०१३ सालच्या नेक्सस ७ या टॅबचे बाहेरील माप सुमारे २०० बाय ११४ मिलिमीटर होते. म्हणजे हा छोटा टॅबही खाचेत शिरत नाही, तो खाचेवर फ्रेम करून बसवावा लागतो. म्हणून डॅशबोर्ड उघडण्यापूर्वी पुठ्ठ्याचा टॅबएवढा तुकडा कापून जागेवर धरून पाहावा. एसीच्या जाळ्या, धोक्याच्या दिव्याचे बटण आणि गिअरचा दांडा यांच्या आड तो येता कामा नये. पडदा समोरचा रस्ताही झाकता कामा नये.

टॅब कायमचा चिकटवू नये, तो काढता येईल अशी फ्रेम करावी. दुरुस्तीसाठी तो बाहेर काढावा लागतोच, आणि उन्हात गाडी उभी करताना मालकाला तो घरी नेता येतो. मात्र पकड घट्ट हवी. दहा इंची टॅब जवळजवळ अर्धा किलो वजनाचा असतो, आणि अपघाताच्या वेळी तो सुटून दगडासारखा अंगावर येतो.

२०२१ पासून नव्या गाड्यांत पुढील दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सक्तीच्या झाल्या आहेत आणि त्याआधीच्याही अनेक गाड्यांत त्या आहेत. शेजारच्या आसनासमोर जेथे एअरबॅगची खूण असेल तेथे काहीही बसवू नये. एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या आवरणात असतात व त्यांचे कपलरही पिवळे असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावू नये. डॅशबोर्ड उघडण्यापूर्वी बॅटरीची उणे बाजू काढून काही मिनिटे थांबावे.

करंट कोठून घ्यावा

मोटारीत दोन प्रकारच्या वायरी मिळतात. एकीत चावी काढली तरी करंट असतो, तर दुसरीत चावी फिरविल्यावरच येतो. बाजारातील स्टिरिओच्या हार्नेसमध्ये पहिली पिवळी, दुसरी लाल आणि अर्थ काळी असते. पण गाडीच्या स्वतःच्या वायरींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात. म्हणून रंगावर विश्वास न ठेवता प्रत्येक वायर मीटर लावून तपासावी.

टॅबसाठी करंट नेहमी चावीच्या वायरीवरून घ्यावा. कायम करंटवर पडदा चालू राहिला आणि त्याने अर्धा अँपिअर जरी ओढला, तरी २४ तासांत १२ अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीची बॅटरी सुमारे ३५ अँपिअर-तासांची असते. शनिवारी दुपारी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू होत नाही, आणि चालकाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. दोष मात्र कारागिराच्या माथी येतो, आणि तो रास्तच असतो.

गाडीचे १२ व्होल्ट हे नावापुरते १२ असतात. इंजिन चालू असताना ते १४ च्या वर जातात, स्टार्टर मारताना १० च्या खाली येऊ शकतात आणि अधूनमधून क्षणभर मोठी उसळीही येते. त्यासाठी मोटारीकरिता बनविलेला, किमान ३ अँपिअर देणारा ५ व्होल्टचा कन्व्हर्टर घ्यावा. अनेक मालमोटारींत २४ व्होल्ट असतात, तेथे २४ व्होल्ट चालणारा कन्व्हर्टरच लागतो.

कन्व्हर्टर टॅबच्या जवळ बसवावा. फ्यूज बॉक्सपाशी कन्व्हर्टर ठेवून तेथून दोन मीटर बारीक यूएसबी केबल टॅबपर्यंत नेली, तर २ अँपिअरचा करंट वाहताना ५ पैकी एक-दीड व्होल्ट केबलमध्येच हरवतो. पडद्यावर चार्जिंगची खूण दिसते, पण नकाशा चालू असताना टॅब उतरत जातो. मग कधी टॅबला, कधी कन्व्हर्टरला दोष दिला जातो. म्हणून लांब अंतर १२ व्होल्टच्या वायरीने कापावे आणि ५ व्होल्टची केबल जाड व आखूड ठेवावी. तसेच कन्व्हर्टरच्या यूएसबीमधील डेटाच्या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर अनेक टॅब त्याला चार्जर मानत नाहीत व अर्धा अँपिअरच घेतात. हे जोडणीपूर्वी टेबलावरच तपासावे.

जेथून करंट घेतला त्या जागेजवळच २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज घालावा. मधली वायर कोठे घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडेल, पण वायर पेटणार नाही. टॅबच्या टोकाला फ्यूज घातल्यास मधल्या वायरीला त्याचा उपयोग नाही. कंपनीची मूळ वायर कापू नये. फ्यूजच्या जागेत बसणारा टॅप किंवा त्या गाडीसाठी मिळणारा कपलर वापरावा. वायर कापलेली दिसली की कंपनीला वॉरंटी नाकारण्यास आयते कारण मिळते. जेथे जोड द्यावाच लागेल तेथे सोल्डर करून स्लीव्ह चढवावी. नुसती पीळ मारून लावलेली टेप उन्हाळ्यात सुटते.

उन्हाचा विचार

बाहेर ३८-४० अंश तापमान असताना उन्हात बंद ठेवलेल्या गाडीतील हवा ५० अंशांच्या आसपास आणि डॅशबोर्डचा वरचा भाग ७० अंशांच्या आसपास तापू शकतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून टॅब डॅशबोर्डच्या माथ्यावर न ठेवता मध्यभागी, शक्य तेवढा खाली बसवावा आणि त्यामागे हवा खेळण्यास जागा सोडावी. काही सॅमसंग टॅबमध्ये पूर्ण चार्ज होण्याआधीच चार्जिंग थांबविण्याची सोय असते, ती चालू करून द्यावी. टॅबची पाठ फुगलेली किंवा पडदा कडेने उचललेला दिसला तर तो टॅब बसवू नये. बॅटरी काढून टॅबला बाहेरून करंट देण्याची युक्ती काही जण करतात, ती गिऱ्हाइकाच्या गाडीत करू नये.

आवाजाची जोडणी

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुना स्टिरिओ गाडीतच ठेवून टॅबचा आवाज ऑक्स किंवा ब्ल्यूटूथने त्याला देणे. खाच टॅबने झाकली जात असेल तर स्टिरिओ दुसऱ्या जागी हलवावा किंवा वेगळा अँप्लिफायर बसवावा. अशा वेळी स्पीकरची उणे वायर बॉडीला अर्थ करू नये. हल्लीच्या बहुतेक मोटार अँप्लिफायरमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा चालू असतात. एक अर्थ केली की आयसी जळू शकतो.

टॅब चार्ज होत असताना स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो आणि इंजिनच्या वेगाबरोबर तो चढतो, ही नेहमीची तक्रार आहे. चार्जिंग आणि ऑक्स या दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने असे होते. ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घातला किंवा ब्ल्यूटूथ वापरले की तो जातो.

टॅबची सेटिंग

येथे अर्ध्या तासाचे काम गिऱ्हाइकाला खूश करते. सेटिंगमधील 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकविले की डेव्हलपरची यादी उघडते. तिच्यातील 'स्टे अवेक' चालू केल्यास चार्जिंग होत असेपर्यंत पडदा बंद होत नाही. टास्कर किंवा मॅक्रोड्रॉइड अशा अ‍ॅपमध्ये दोन आज्ञा लिहून ठेवाव्यात. करंट आला की पडदा चालू करून नकाशा उघडावा, आणि करंट गेल्यावर एका मिनिटाने पडदा बंद व्हावा. मग चालकाला चावी फिरविण्याखेरीज काही करावे लागत नाही. या अ‍ॅपला आणि नकाशाला बॅटरी बचतीच्या नियमातून वगळावे, नाही तर अँड्रॉइड त्यांना मधेच बंद करते.

केवळ वायफायवर चालणाऱ्या काही टॅबमध्ये जीपीएस नसते. गाडी उघडण्याआधी टॅब मोकळ्या जागी नेऊन, वायफाय बंद करून, नकाशावर आपली जागा दिसते का ते पाहावे. ज्या भागात गिऱ्हाइकाचे येणे-जाणे असते तेथील नकाशा आधीच उतरवून द्यावा, म्हणजे घाटात नेटवर्क गेले तरी रस्ता दिसत राहतो.

एका मागणीला नकार द्यावा

गाडी चालविताना सिनेमा दिसला पाहिजे, असे काही गिऱ्हाइके सांगतात. तयार स्टिरिओत हँडब्रेकची वायर त्यासाठीच दिलेली असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच चित्र दिसावे, अशी ती व्यवस्था आहे. ती वायर कायमची अर्थ करून ही व्यवस्था मोडून देणारे कारागीर आहेत. आपण तसे करू नये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालविताना हातात फोन धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालविण्यात मोडते. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने अशा उपकरणाचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, करण्याची मुभा दिली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरहून अधिक पुढे जाते. तेवढ्यात रस्त्यावर मूल आडवे येऊ शकते. एका मजुरीसाठी ही जबाबदारी अंगावर घेऊ नये.

गाडी हाती देण्यापूर्वी

चावी काढून, दरवाजे बंद करून अर्धा तास थांबावे. मग बॅटरीच्या उणे बाजूत मीटर लावून करंट मोजावा. तो साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असला पाहिजे. मीटर लावलेला असताना स्टार्टर मारू नये, मीटर जळेल. नंतर गिऱ्हाइकाला शेजारी बसवून खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारावी. खडखडाट येत असेल तर वायरींना कापडी टेप गुंडाळावी.

बिल लेखी द्यावे. त्यात कन्व्हर्टर, फ्यूज, फ्रेम आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. करंट कोणत्या फ्यूजवरून घेतला आणि आपल्या कामाची हमी किती दिवसांची, हेही लिहावे. टॅब गिऱ्हाइकाचा असेल तर त्याची हमी आपली नाही, हे त्याच कागदावर स्पष्ट करावे. उद्या दुसऱ्या कारागिराने ती गाडी उघडली तर आत नीट बांधलेल्या वायरी आणि फ्यूज पाहून त्याला कामाची पारख होईल. शेजारच्या गल्लीतील दुकान कमी पैशांत काम करून देत असले, तरी ज्याच्याकडून गाडी तक्रारीसाठी परत येत नाही, त्याच्याकडेच चालक आपल्या सोबत्यांना पाठवितात.