हेअर क्रीम का फुटते?

हेअर क्रीम हे इमल्शन. इमल्शन म्हणजे एकमेकांत न विरघळणारे दोन द्रव. एकाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात विखुरलेले. बहुतेक स्टायलिंग क्रीममध्ये तेलाचे थेंब पाण्यात असतात. ब्रिलक्रीम (बर्मिंगहॅम, १९२८) उलट जातीचे: मधमाशीच्या मेणाच्या आधाराने तेलात पाणी.

ओळख: थोडे क्रीम पाण्यात ढवळा. सहज मिसळले तर बाहेरचा द्रव पाणी.

फुटण्याच्या खुणा आणि त्यांची कारणे:

• वर साय, खाली पाणी: थेंब शाबूत, फक्त वर आलेले. ढवळल्यास पुन्हा एकजीव. थेंबाचा व्यास निम्मा केला की वर येण्याचा वेग चौथाई होतो. थेंब बारीक करणारा होमोजिनायझर लागतो तो यासाठी.

• तेलाचा तवंग: थेंब एकमेकांत मिसळून गेलेले. नुसते ढवळणे व्यर्थ. इमल्सिफायरचे (थेंब विखुरलेले ठेवणाऱ्या घटकाचे) प्रमाण आणि एचएलबी (त्याचा पाण्याकडे-तेलाकडे असलेला ओढा) तपासावे. ग्रिफिन यांच्या या मोजपट्टीवर (१९४९) साधारण ३ ते ६ म्हणजे तेलात पाणी, ८ च्या पुढे पाण्यात तेल.

• अचानक पातळ किंवा गुठळ्या: स्टायलिंग क्रीमचे खास दुखणे. घट्टपणा देणारा कार्बोमर ऋणभारित. क्षारांनी तो पातळ पडतो. केस मऊ करणाऱ्या धनभारित पॉलिमरशी जुळला की गुठळ्या. दोघेही एकाच कृतीत हवेसे वाटतात, पंचाईत तिथेच.

• रवाळपणा: मेण अवेळी गोठलेले. तेल आणि पाणी दोन्ही ७०–७५ अंश सेल्सिअसला एकत्र करावीत. सुगंध ४० अंशांखाली घालावा.

चाचणी: ४०–४५ अंशांत सुमारे तीन महिने, गोठवणे-वितळवणे आलटून पालटून, घाई असेल तर सेंट्रिफ्यूज.