सॅनसुई : नाव उरले, कारखाना गेला

सॅनसुई हे नाव आपल्या घरांत दोन पिढ्यांना दोन वेगळ्या कारणांनी ठाऊक आहे. आखातात नोकरी केलेल्या जुन्या मंडळींना त्या नावाने जपानी अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅसेट डेक आठवतात. त्या काळी रत्नागिरी-रायगडच्या गावांत सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या सामानात कापड, अत्तर, घड्याळ यांच्या जोडीला एखादे जपानी यंत्र हमखास असे. मग त्यावर कारी अब्दुल बासित यांच्या तिलावतीची कॅसेट लागे, नात लागे, कव्वाली लागे. त्यानंतरच्या पिढीने हेच नाव पाहिले ते टीव्हीच्या खोक्यावर. आजही टीव्ही आणि घरगुती यंत्रांवर ते छापलेले दिसते.

नाव एकच, म्हणजे बनवणाराही तोच, असा आपला सहज समज होतो. तो बरोबर नाही. पत कशी कमावली जाते, कशी विकली जाते आणि अखेर कोणाकडे उरते, हे समजून घ्यायचे तर सॅनसुईची हकिकत वाचण्यासारखी आहे.

जपानी भाषेत ‘सान’ म्हणजे डोंगर आणि ‘सुई’ म्हणजे पाणी. कोसाकू किकुची यांनी दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १९४४ च्या डिसेंबरात, तोक्योच्या योयोगी भागात छोटा कारखाना काढला आणि १९४७ मध्ये सॅनसुई इलेक्ट्रिक ही कंपनी उभी राहिली. पहिला माल होता ट्रान्सफॉर्मर. किकुचींनी रेडिओच्या सुट्या भागांच्या धंद्यात काम केले होते. कमअस्सल भागांमुळे यंत्र कसे बिघडते हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून खर्च जास्त आला तरी भाग चांगलाच वापरायचा, हा त्यांचा नियम ठरला.

ट्रान्सफॉर्मरचे महत्त्व थोडक्यात सांगतो. रेकॉर्डच्या सुईतून किंवा कॅसेटच्या हेडमधून येणारा विजेचा इशारा अगदी क्षीण असतो. तो मोठा करून स्पीकर हलवण्याइतकी ताकद अ‍ॅम्प्लिफायर देतो. ही ताकद येते घरच्या विजेतून, ट्रान्सफॉर्मरच्या मार्गाने. तो हलका असला तर ऐन जोराच्या जागी आवाज फाटतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसतही नाही, कारण तो पत्र्याच्या आत असतो. सॅनसुईने नाव कमावले ते या न दिसणाऱ्या भागावर.

पन्नाशीच्या दशकात कंपनी अ‍ॅम्प्लिफायर बनवू लागली. १९६५ चा व्हॉल्व्हवर चालणारा एयू-१११ आजही जाणकार आदराने आठवतात. सत्तरच्या दशकात ट्रान्झिस्टरवरचे काळ्या दर्शनी पट्टीचे अ‍ॅम्प्लिफायर आले. त्यांतला एयू-७१७ दर चॅनेलला ८५ वॅटचा. जी-३३००० हा रिसीव्हर तर दर चॅनेलला ३०० वॅटचा, दोन भागांत बनवलेला. १९७१ च्या सुमारास कंपनीने चार स्पीकरांतून आवाज ऐकवणारी ‘क्यूएस’ पद्धतही आणली. पण प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापल्या वेगळ्या पद्धती काढल्या. एकाची रेकॉर्ड दुसऱ्याच्या यंत्रावर नीट वाजेना, गिऱ्हाईक गोंधळले आणि सगळ्यांचाच तो खटाटोप दशक संपेपर्यंत मागे पडला.

खरी घसरण ऐंशीच्या दशकात झाली. १९८२ मध्ये सीडी आली आणि स्वच्छ आवाज स्वस्त यंत्रातही मिळू लागला. लोकांना जड अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा एका खोक्यात सगळे सामावणारा संच बरा वाटू लागला. त्यातच सप्टेंबर १९८५ मध्ये पाच मोठ्या देशांनी डॉलर उतरवण्याचा करार केला. तेव्हा एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत, ते तीन वर्षांच्या आत जवळपास निम्म्यावर आले. जपानी माल परदेशात एकदम महाग झाला. सोनी, पायोनियर, मात्सुशिता यांच्यासारख्या मोठ्या कंपन्यांनी हा मार सोसला. सॅनसुईचे अंग तेवढे भक्कम नव्हते.

१९८९ मध्ये ब्रिटनच्या पॉली पेक या कंपनीने सॅनसुईतला मोठा हिस्सा विकत घेतला. तिचे प्रमुख असील नादिर हे सायप्रसचे तुर्की उद्योजक होते. कापड आणि फळांच्या धंद्यातून ते झपाट्याने वर आले होते. पुढच्याच वर्षी पॉली पेक कोसळली. कंपनीचाच पैसा चोरल्याबद्दल २०१२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने नादिर यांना १० वर्षांची शिक्षा सुनावली. आपल्यातला एक माणूस युरोपात मोठा उद्योगपती झाला, म्हणून अनेकांना एकेकाळी त्यांचे कौतुक वाटले असेल. पण मुसलमानी नाव असल्याने कोणी आपोआप अमानतदार होत नाही. ते सिद्ध होते हिशेबाच्या वहीत.

पुढे सॅनसुईची मालकी हाँगकाँगच्या एका उद्योगसमूहाकडे गेली. जपानमध्ये उंची अ‍ॅम्प्लिफायर काही काळ बनत राहिले, तेही थांबले. मग उरले फक्त नाव. ते वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कंपन्यांना वापरायला दिले गेले. भारतात ते व्हिडिओकॉनकडे होते. व्हिडिओकॉनचा कारखाना आपल्या मराठवाड्यातला, छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादजवळ चितेगावचा. २०१८ मध्ये व्हिडिओकॉनच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्यानंतर दिल्लीच्या जैना समूहाने हे नाव भारतात पुन्हा बाजारात आणले. तिकडे मूळ सॅनसुई इलेक्ट्रिक २०१४ मध्येच दिवाळखोरीत निघाली होती. कारखाना बुडाला, पण नाव चालू राहिले.

हा व्यवहार कायदेशीर आहे आणि आज कितीतरी जुन्या नावांचे असेच झाले आहे. त्या नावाने आज मिळणारा माल वाईट असतो, असे आमचे म्हणणे नाही. तो चांगला असेल, तर त्याचे श्रेय आज तो बनवणाऱ्याचे. आमचा मुद्दा एवढाच की किकुचींच्या कंपनीत अर्ध्या शतकात साठलेला भरवसा खोक्यावरच्या अक्षरांबरोबर आपोआप येत नाही. गिऱ्हाईक मात्र पैसे मोजताना त्या भरवशाचेही पैसे मोजते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची बाजारातली एक हकिकत हदीसमध्ये आली आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर वरून कोरडे दिसणारे धान्य आत ओले लागले. विकणाऱ्याने पावसाची सबब सांगितली. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध तोडला. यात ओला माल विकण्याला मनाई नाही. माल आहे तसा दाखवण्याची अट आहे. नावाच्या व्यापाराला हीच अट लावून पाहावी. बनवणारा कोण, हे विकणाऱ्याने उघड सांगावे आणि घेणाऱ्यानेही विचारावे.

विचारायचे कसे? आपल्याकडे वेष्टनावर उत्पादक, पॅकिंग करणारा किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्या अक्षरांतले नाव सगळे वाचतात, आपण ही बारीक ओळही वाचावी. वॉरंटी कोण देतो आणि दुरुस्ती केंद्र आपल्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात आहे का, हे बिल फाडण्यापूर्वी विचारावे. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ लक्षात ठेवावा.

ज्यांच्या माळ्यावर जुना सॅनसुई पडून आहे, त्यांच्यासाठीही दोन शब्द. भंगारवाल्याला देण्याआधी थांबा. सत्तरच्या दशकातल्या या अ‍ॅम्प्लिफायरांना आजही शौकीन शोधत असतात. पण घाईने प्लगही लावू नका. आधी मागची पट्टी पाहा. जपानच्या घरगुती वापरासाठी बनलेले यंत्र १०० व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टला थेट जोडले तर जळते. परदेशासाठी बनलेल्या अनेक यंत्रांना मागे व्होल्टेज बदलण्याची सोय आहे, तीही तपासावी लागते. आतले कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकतात. काही यंत्रांत भाग चिकटवायला वापरलेला गोंद काळाने तपकिरी होऊन तारा खातो. हे काम जाणत्या कारागिराचे आहे, घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसण्याचे नाही. यंत्र बंद केल्यावरही आत वीज साठलेली राहू शकते.

सॅनसुईचे पुढे काय, असे कोणी विचारले तर आम्हाला दोन भवितव्ये दिसतात. एक नावाचे. ते कागदावर आहे, करार होतील तसे हात बदलत राहील. दुसरे यंत्रांचे. ते आपल्या गल्लीतल्या त्या कारागिराच्या हातात आहे, ज्याला जुन्या बोर्डावरचा भाग ओळखून बदलता येतो. किकुचींनी ज्या पत्र्याआड चांगला माल घातला, तो पत्रा आज उघडतो तोच. आपल्या मुलांपैकी कोणाला हा हुन्नर शिकावासा वाटला, तर घरच्यांनी त्याला कमी लेखू नये. दुरुस्त केलेले यंत्र चालले की नाही, हे गिऱ्हाईक तिथेच उभे राहून पाहते. या धंद्यात पत भाड्याने मिळत नाही आणि देताही येत नाही. ती रोजच्या हलाल कामातूनच उभी राहते.