मुक्त जॅझचे दप्तर
ख्यालाच्या विस्तारात रमणाऱ्या पुण्यातल्या स्वारगेटच्या रसिकास उत्स्फूर्त संगीत परके नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीने त्या ख्यालास तीन-साडेतीन मिनिटांत कोंडले खरे, तरी तोच अमोल दस्तऐवज जपण्यासाठी मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली आणि तबकड्या एकत्र ऐकून चर्चा करण्याचा रिवाज तिने जोपासला. माझ्या मते उत्स्फूर्त वादनावर बेतलेल्या मुक्त जॅझचा संग्रहही अशाच सामुदायिक श्रवणाने उमगतो; कारण सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या, डिसेंबर १९६० मध्ये मुद्रित झालेल्या ‘फ्री जॅझ’ या तबकडीमध्ये दोन चौकड्या, एक डाव्या व दुसरी उजव्या ध्वनिक्षेपकातून, सुमारे ३७ मिनिटे एकाच वेळी वाजत असता, सम शोधणाऱ्या कानास आधी एक बाजू ऐकवावी, मग दुसरी; चर्चेस खरा रंग चढतो तो दोन्ही मिळून ऐकल्यावरच.