विश्लेषण : धरणे भोर-वेल्ह्यात, पण पिण्याच्या पाण्याचा नियामक कुठे आहे?

भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि पानशेत. भोर आणि वेल्हे तालुक्यांतील या चार धरणांची एकत्रित साठवण क्षमता सुमारे 49 टीएमसी आहे. तरीही एप्रिल-मेमध्ये जलाशयाच्या काठावरच्या वाड्या-वस्त्यांना हंडा घेऊन उतरावे लागते, टँकरची वाट पाहावी लागते. राज्यात पाण्याचे नियमन करणारे प्राधिकरण आहे, त्याला अध्यक्षही असतो. मग या हंड्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

हिशेब काय सांगतो?

2011च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या सुमारे 2 लाख 40 हजार आहे. (वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये मंजुरी दिली.) जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा. त्याप्रमाणे दोन्ही तालुक्यांची रोजची गरज 1 कोटी 32 लाख लिटर, म्हणजे वर्षाला जेमतेम 0.17 टीएमसी. गळती, जनावरे आणि वाढीव लोकसंख्या धरून हा आकडा दुप्पट केला, तरी अर्धा टीएमसी होत नाही.

म्हणजे प्रश्न पाण्याच्या साठ्याचा नाही. भाटघरचे पाणी नीरेच्या कालव्यांतून खालच्या तालुक्यांच्या शेतीला जाते, पानशेतचे खडकवासल्यामार्गे पुणे शहराला आणि पुढे कालव्याला. उन्हाळ्यात आवर्तने सुटली की जलाशय मागे सरकतो. डोंगरउतारावरची गावे त्या पाण्यावर नव्हे, तर झरे आणि विहिरींवर अवलंबून असतात. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट खडक पाणी फारसे धरून ठेवत नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस, दिवाळीनंतर ओढे कोरडे.

नियामकाची खुर्ची कोणती?

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण 2005च्या कायद्याने स्थापन झाले. देशातील अशा प्रकारचे ते पहिले प्राधिकरण. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती नावे सुचवते आणि राज्यपाल नियुक्ती करतात. पहिले अध्यक्ष होते माजी मुख्य सचिव अजित निंबाळकर. सदस्यांमध्ये जलसंपदा अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्राचे तज्ज्ञ असतात. नंतर विधी आणि भूजल या विषयांच्या सदस्यांची भर पडली. सार्वजनिक आरोग्याचा सदस्य मात्र नाही. ही बाब लहान वाटते, पण पुढचे सगळे तिथूनच उलगडते.

प्राधिकरणाचे मुख्य काम धरणातील पाण्याचे ठोक दर ठरवणे, पाण्याचे हक्क निश्चित करणे आणि तंटे सोडवणे. कोणत्या क्षेत्राला किती पाणी द्यायचे, हा अधिकार 2011च्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाकडे गेला. पिण्याला पहिले, शेतीला दुसरे आणि उद्योगाला तिसरे प्राधान्य, हा क्रमही त्याच वर्षी ठरला.

हे प्राधिकरण किती कठोर होऊ शकते?

याचे उदाहरण पुण्याचेच आहे. महापालिका खडकवासला साखळीतून जास्त पाणी उचलते, अशी तक्रार खालच्या भागातील शेतकऱ्याने केली होती. त्यावर डिसेंबर 2018 मध्ये प्राधिकरणाने लोकसंख्येच्या निकषावर शहराचा वाटा वर्षाला 8.19 टीएमसी ठरवला. रोजचा हिशेब केला तर सुमारे 635 दशलक्ष लिटर. शहर प्रत्यक्षात याच्या दुपटीच्या आसपास पाणी उचलत होते. त्यानंतरही पालिकेने त्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त पाणी वापरले. आदेश देणे आणि तो पाळला जाणे यातले अंतर त्यातून दिसले.

तरी निदान तंट्यात दोन पक्ष होते, दोघांकडे कागद होते. पाण्यापासून काही किलोमीटरवर असलेली वाडी अशा सुनावणीत पक्षकार म्हणून उभीच राहत नाही. तिच्याकडे ठोक पाण्याचा करार नसतो.

मग पाणी शुद्ध आहे की नाही, हे कोण पाहते?

कायद्यात पाण्याची गुणवत्ता राखण्याचा उल्लेख आहे, परंतु नळाच्या पाण्याची तपासणी हे प्राधिकरणाचे काम नाही. ग्रामीण भागात ते असे चालते: ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने घेतो आणि टीसीएल पावडर टाकतो. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या व आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळांत होते. वर्षातून दोनदा स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवले आणि साथ आली नाही, तर चंदेरी कार्ड.

व्यवस्था कागदावर वाईट नाही. अडचण अशी की योजना करणारी जिल्हा परिषद, पाणी देणारी ग्रामपंचायत आणि लाल कार्ड देणारी यंत्रणा एकाच शासकीय साखळीत आहेत. लाल कार्ड मिळाले म्हणून दंड कोणी कोणाला करायचा?

बाटलीचे मात्र वेगळे. कापूरहोळच्या हॉटेलात मिळणाऱ्या बाटलीबंद पाण्याला अन्न सुरक्षा कायद्याखाली परवाना लागतो. शेजारच्या गावातील नळाला लागू असलेले आयएस 10500 हे मानक सार्वजनिक पुरवठ्यासाठी कायद्याने बंधनकारक नाही.

हे महत्त्वाचे का?

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसर, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. संशयित धरून संख्या दोनशेच्या पुढे गेली. नांदेडच्या विहिरीच्या पाण्याकडे संशयाची सुई वळली. नमुने तपासले गेले, क्लोरिन वाढवले गेले. पण पाणी पुरवणाऱ्यापासून स्वतंत्र राहून दोष निश्चित करील, असा पिण्याच्या पाण्याचा नियामक राज्यात नव्हता आणि आजही नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1990 पासून पिण्याच्या पाण्याचे निरीक्षकालय आहे. त्याचा मुख्य निरीक्षक पाणी कंपन्यांवर खटला भरू शकतो. 2024 मध्ये डेव्हनमधील ब्रिक्सहॅम भागात पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पसरला, तेव्हा चौकशी या निरीक्षकालयाने हाती घेतली. तिथे कंपन्या खासगी आहेत, त्यामुळे सरकारी निरीक्षकाला बाजू घेण्याचे कारण कमी. आपल्याकडे पाणी देणारेही सरकार आणि तपासणारेही सरकार, म्हणून वेगळ्या खुर्चीची गरज उलट जास्त आहे.

भूजलाची वाट

एक धागा मात्र उपलब्ध आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 हा कायदा जून 2014 पासून लागू झाला आणि त्याखाली हेच प्राधिकरण ‘राज्य भूजल प्राधिकरण’ ठरले. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे संरक्षण हा त्या कायद्याचा गाभा आहे. भोर-वेल्ह्यातील गावे झरे आणि विहिरींवर जगत असल्याने त्यांच्यापर्यंत पोहोचणारा अधिकार याच कायद्यात आहे. धरणांच्या दरांच्या आणि कोट्याच्या सुनावण्यांपुढे या जबाबदारीची चर्चा फार कमी होते.

तोवर गावकऱ्यांच्या हातात एक साधी गोष्ट आहे: ग्रामपंचायतीत जाऊन यंदा कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले, ते विचारणे. लाल असेल तर तक्रार जिल्हा परिषदेकडेच जाते, जिने योजना केली तिच्याकडेच.